कळमेश्वरला समुद्र नाही, पण समुद्रातली तार तुटली की…

सप्टेंबर २०२५. आपल्या बसस्टँडजवळच्या टपरीवर एक काका कुवेतमधल्या मुलाशी व्हिडिओ कॉल लावत होते. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. "काहून बाप्पा, रिचार्ज तर कालच मारला!" म्हणून काकांनी मोबाइल कंपनीचा उद्धार केला. त्याच दिवसांत तांबड्या समुद्रात, जेद्दाजवळ, समुद्रतळावरच्या दोन मोठ्या केबल तुटल्या होत्या. त्या दोन्ही मुंबईला येतात.

लोकांना वाटतं इंटरनेट सॅटेलाइटवरून येतं. नाही हो. देशादेशांतला जवळपास सगळा डेटा समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलमधून जातो. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी देतो त्या पाइपाएवढी जाड असते, आणि आत केसासारखे काचेचे धागे.

आणि हे आजचं नाही. दीडशे वर्षांची गोष्ट आहे, तीही आपल्या कापसाला चिकटलेली.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला कित्येक आठवडे लागले. इंग्रजांनी धडा घेतला. घाईघाईने तांबड्या समुद्रातून तार टाकली, ती लगेच बंद पडली. मग १८६४ मध्ये इराणच्या आखातातून दुसरी. पण तिचा पुढचा रस्ता तुर्कस्तानातून जमिनीवरून. निरोप कधी दिवसांनी पोचायचा, कधी वाचता येणार नाही इतका बिघडून.

शेवटी फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज मुंबईहून एडनकडे तार सोडत निघालं. आपलं ऊन सोसावं म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. तारेवर गटापर्चाचं, म्हणजे मलायातल्या झाडाच्या चिकाचं आवरण. जूनमध्ये मुंबई ते लंडन समुद्रातून जोडलं गेलं. मालकी जॉन पेंडर या उद्योगपतीच्या कंपन्यांची.

आता आपल्याकडे या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती. १८७० मध्येच खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. कशासाठी? कापसासाठी. रुळांवरून गाठी मुंबईला जायच्या आणि तारेवरून लिव्हरपूलचा भाव मुंबईला यायचा. पूर्वी भाव जहाजासोबत यायचा, आता त्याच दिवशी.

पण कोणाकडे यायचा? ज्याच्याकडे तारेचे पैसे होते त्याच्याकडे. पेढीवरच्या शेठला भाव आधी कळायचा. बैलगाडी घेऊन आलेल्या कास्तकाराला समोरचा सांगेल तोच भाव. तार आपल्या कापसाच्या जिवावर चालली, पण आपल्या हातात कधीच नव्हती.

तार ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात. हे इंग्रजांना पक्कं ठाऊक होतं. ४ ऑगस्ट १९१४ ला त्यांनी जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे समुद्रातल्या जर्मन तारा कापायला जहाज पाठवलं.

आज काय बदललं? २०२२ च्या अखेरीस भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल येत होत्या, १४ स्टेशनांवर. बहुतेक मुंबई आणि चेन्नईला. मुंबईतल्या जवळपास सगळ्या वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात. सगळी अंडी एकाच टोपलीत म्हणा ना! जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ दोन केबल तुटल्या, तर देशाची निम्म्याच्या आसपास बँडविड्थ गेली होती. २०२४ च्या सुरुवातीला हल्ला झालेल्या एका जहाजाचा नांगर फरपटत गेला, पुन्हा तांबड्या समुद्रात केबल तुटल्या.

एक गैरसमजही दूर करतो. केबल तुटली म्हणून टपरीवरचं यूपीआय बंद पडत नाही, त्याचा हिशेब देशातल्याच सर्व्हरवर होतो. फटका बसतो तो परदेशी सर्व्हरवर चालणाऱ्या कामांना. नागपूरच्या मिहानमध्ये बसून अमेरिकेचं काम करणाऱ्या आपल्या पोरांना. कुवेतला लागणाऱ्या काकांच्या कॉलला.

खरी गोची दुरुस्तीची आहे. तुटलेली केबल वर काढून जोडायला खास जहाज लागतं. ट्रायने २०२३ च्या शिफारशींत हेच बोट ठेवलं: भारताचा झेंडा असलेलं असं एकही जहाज नाही. परदेशातून बोलवायचं, परवानग्या घ्यायच्या, वाट पाहायची. ज्या देशाच्या किनाऱ्यावर १८७० साली तार आली, त्या देशाकडे ती जोडायची स्वतःची सोय नाही!

रस्ता, पाणी, विजेबद्दल आपण खासदारांना जाब विचारतो. एकदा हेही विचारा. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं समजू नका. लिव्हरपूल तर त्याहून कितीतरी दूर होतं. तिथला भाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या कापसाला लागायचाच ना?