रिकामी निघालेली पेटी

बॅकअपचा इतिहास वाचताना मला सगळ्यात उपयोगी पडलं ते गिटलॅब कंपनीने स्वतःच्या फजितीबद्दल जाहीर केलेलं टिपण. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. सेकंद-दोन सेकंदांत चूक उमगली, पण ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरला होता.

बॅकअप होते की! साठवणीची जागा उघडली, तर रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, बॅकअपचं साधन ९.२ चं, ते दर वेळी बंद पडत होतं. तसे ईमेलही पाठवले जात होते, पण प्रमाणीकरणाअभावी ते वाटेतच नाकारले जात. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक. (दप्तरात नोंद नाही म्हणजे घडलंच नाही, असं आपणही किती सहज लिहितो!) अझुरवर व्हर्च्युअल डिस्कच्या स्नॅपशॉटची सोय होती, डेटाबेससाठी ती सुरूच केली नव्हती, कारण बाकीचे बॅकअप पुरेसे वाटले.

वाचवलं ते सहा तास आधी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या, कोड शाबूत राहिला.

टिपणात ‘का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. बॅकअप तपासले का जात नव्हते? उत्तर एका ओळीचं: ते काम कुणाचंच नव्हतं.