व्हर्जिनिया विद्यापीठाची शस्त्रबंदी : एका ठरावाची हकीकत

४ ऑक्टोबर १८२४, सोमवार. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल गावाजवळ एक नवे विद्यापीठ उभे राहत होते. प्राध्यापक युरोपातून यायचे होते, विद्यार्थी तर एकही आलेला नव्हता. त्या दिवशी विद्यापीठाच्या नियामक मंडळाची बैठक भरली. सहा सदस्य हजर होते. त्यांत दोघे अमेरिकेचे माजी अध्यक्ष : ८१ वर्षांचे थॉमस जेफर्सन आणि ७३ वर्षांचे जेम्स मॅडिसन. पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांनी कसे वागावे याचे नियम या मंडळींनी कलमवार मंजूर केले.

त्यांतल्या एका कलमाचा आशय असा : विद्यापीठाच्या हद्दीत कोणत्याही विद्यार्थ्याने दारू आणू नये, पिऊ नये, कसलेही हत्यार किंवा बंदुकीची दारू बाळगू नये, वापरू नये, नोकर, घोडा किंवा कुत्रा ठेवू नये, वर्गात काठी घेऊन येऊ नये, तंबाखू ओढू नये, चघळू नये. द्वंद्वयुद्धाचे कलम वेगळे होते. प्राणघातक शस्त्राने लढणे, त्यासाठी आव्हान देणे किंवा ते स्वीकारणे, या तिन्हींना तात्काळ हकालपट्टी, आणि ती शिक्षा माफ करण्याचा अधिकार प्राध्यापकांनाही नव्हता.

असे नियम अगदीच नवे होते असे नाही. हार्वर्डने १६५५ सालीच विद्यार्थ्यांना खोलीत बंदूक ठेवण्याची मनाई केली होती. परंतु व्हर्जिनियाचा ठराव करणारे हात कोणाचे होते ते पाहिले म्हणजे आम्हांला थांबावे लागते. नागरिकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला हात लावू नये, असे सांगणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली अमलात आली, तिचा मूळ मसुदा मॅडिसन यांचा. आणि जेफर्सन यांनी १७८५ साली पॅरिसहून आपल्या पंधरा वर्षांच्या भाच्याला पत्र लिहिले, त्यात व्यायामासाठी चेंडूच्या खेळांपेक्षा बंदूक बरी, फिरायला जाताना ती नेहमी सोबत असू दे, असा सल्ला आहे. ज्यांना बंदुकीचे एवढे प्रेम, त्यांनीच विद्यापीठाच्या दारात तिला अडवले. यात आपण काही उलटसुलट करीत आहोत असे त्यांना वाटल्याची एकही खूण त्या इतिवृत्तात नाही.

आणखी एका शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बंदुकीची दारू आणि घोडा यांच्या मध्ये ‘नोकर’ बसलेला आहे. त्या काळच्या व्हर्जिनियात गुलामाला म्हणायचा हा सभ्य शब्द. जमीनदारांची पोरे घरून आपापला गुलाम घेऊन येतील, ऐषआराम करतील, शिस्त बिघडेल, ही चिंता. गुलामाच्या कळवळ्याचा इथे प्रश्नच नव्हता. विद्यापीठाच्या विटा भाजण्यापासून विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडण्यापर्यंतची कामे गुलामांकडूनच करून घेतली जात. १८१७ ते १८६५ या काळात तिथे राबलेल्या गुलामांची संख्या चार हजारांच्या घरात असावी असा अंदाज आहे. त्यांच्यासाठी स्मारक व्हायला २०२० साल उजाडले. या माणसांना हत्याराची मनाई करायला कोणा विद्यापीठाच्या ठरावाची गरज नव्हती, ती राज्याच्या कायद्यातच होती. विद्यार्थ्यांच्या हातचा मार मात्र त्यांनी नियम असूनही खाल्ला. १८५६ साली एका विद्यार्थ्याने दहा वर्षांच्या गुलाम मुलीला बेशुद्ध पडेपर्यंत मारले आणि उद्धट गुलामाला अशी शिक्षा योग्यच, असे समर्थनही केले. शस्त्रबंदीचा इतिहास लिहिणारे या मुलीपाशी सहसा थांबत नाहीत. हत्यार नसलेल्या हाताने काय काय करता येते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

७ मार्च १८२५ रोजी विद्यापीठ सुरू झाले. जेफर्सन यांची कल्पना अशी की, मुलांना धाकात ठेवण्यापेक्षा त्यांच्या इभ्रतीवर विश्वास टाकावा, त्यांचे गुन्हे त्यांच्यातल्याच निवडक मुलांनी तपासावेत. ही कल्पना सात महिनेही टिकली नाही. सप्टेंबर संपता संपता रात्री तोंडावर मुखवटे चढवलेल्या विद्यार्थ्यांनी दंगा केला, अडवायला गेलेल्या प्राध्यापकांवर हल्ला केला. आपल्या सोबत्यांची नावे सांगणार नाही, असे साठांहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्यांनिशी कळवले. ३ ऑक्टोबरला घुमटाच्या इमारतीत सर्वांना बोलावण्यात आले. ८२ वर्षांचे जेफर्सन बोलायला उभे राहिले, पण कंठ दाटून आल्यामुळे त्यांना बोलता येईना. ते खाली बसले आणि दुसऱ्या एका सदस्याने सूत्रे हाती घेतली. त्यानंतर मात्र अपराधी एकेक करून पुढे आले. त्यांत एक जेफर्सन यांच्या नात्यातलाच होता! तिघांची हकालपट्टी झाली, नियम कडक झाले, मुखवटा घालून हिंडण्यालाही बंदी आली. पुढच्या वर्षी ४ जुलैला जेफर्सन वारले.

हत्यारे काही गेली नाहीत. पिस्तुले आणि सुरे खोल्यांतून राहिले, आणि दुसरीकडे विद्यापीठानेच एक पळवाट मोकळी केली : विद्यार्थ्यांच्या एका सैनिकी तुकडीला कवायतीसाठी बंदुका बाळगण्याची परवानगी दिली. १८३६ च्या नोव्हेंबरात प्राध्यापकांनी या परवानगीला अटी घातल्या. तुकडीने त्या झुगारल्या, प्राध्यापकांनी तुकडी मोडीत काढली, सुमारे ७० विद्यार्थ्यांना काढून टाकण्याचा ठराव झाला. मग हवेत गोळीबार, खिडक्यांचा चुराडा, सगळे यथासांग झाले. पुढे काढलेल्यांना परत घेण्यात आले आणि दंगा हाच विजय ठरला. दरवर्षी १२ नोव्हेंबरच्या रात्री त्या विजयाचा वाढदिवस गोळ्या झाडून साजरा होऊ लागला. एकदा सैल सोडलेला नियम पुन्हा आवळणे किती कठीण असते, ते इथे दिसते.

१८४० सालच्या त्याच रात्री दोन मुखवटाधारी विद्यार्थी हिरवळीवर पिस्तुले झाडीत फिरत होते. तिथेच राहणारे कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस बाहेर आले आणि एकाचा मुखवटा ओढायला पुढे झाले. त्याने त्यांच्यावर गोळी झाडली. दोन दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, डेव्हिस गेले. या वेळी विद्यार्थी गप्प राहिले नाहीत. मारेकऱ्याला शोधायला तेच बाहेर पडले. तो सापडला, तुरुंगात गेला, मग प्रकृतीच्या कारणावरून भल्या मोठ्या रकमेच्या जामिनावर सुटला आणि परत आलाच नाही. खटला उभाच राहिला नाही.

डेव्हिस यांच्या जागी आलेल्या हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी १८४२ साली सुचवले की, परीक्षेत आपण कोणाची मदत घेतली नाही असे विद्यार्थ्याने स्वतःच्या इभ्रतीवर लिहून द्यावे. या विद्यापीठाची प्रसिद्ध ‘ऑनर सिस्टीम’ ती हीच, आणि तिचा उगम डेव्हिस यांच्या खुनात सांगण्याची तिथे प्रथा आहे. कथा सुंदर आहे. आम्ही मात्र एवढेच म्हणू की, उत्तरपत्रिकेवरची प्रतिज्ञा कॉपीला आळा घालील, पिस्तुलाला नव्हे.

हा सगळा जुना कागद आज पुन्हा बाहेर निघाला त्याचे कारण न्यायालये. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला, पण शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या ‘संवेदनशील’ जागांतली बंदी त्यातून वगळली. २०११ साली व्हर्जिनियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने जॉर्ज मेसन विद्यापीठाची बंदी उचलून धरली. फिर्यादी विद्यार्थी नव्हता, ग्रंथालयात येणारा बाहेरचा नागरिक होता. पुढे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कसोटीच बदलली : शस्त्रांवरचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजेत. तेव्हापासून वकील इतिहासकार झाले आहेत. बंदीच्या बाजूचे १८२४ चे इतिवृत्त पुढे करतात : पाहा, खुद्द मॅडिसन बैठकीला हजर होते. विरोधक म्हणतात, तो नियम अल्पवयीन मुलांपुरता, पालकाच्या भूमिकेतून केलेला. प्राध्यापकांना किंवा पाहुण्यांना तो लागू कुठे होता? हा आक्षेप पोकळ नाही. त्या कलमात खरोखरच फक्त ‘विद्यार्थी’ आहे. तरीही ज्यांनी हक्क लिहिला त्यांना विद्येच्या जागी हत्यार खपत नव्हते, एवढे त्यातून निःसंशय निघते. आमची तक्रार निराळीच आहे. दोन्ही बाजू ठरावाचा कागद वाचतात, आणि पुढची सोळा वर्षे, म्हणजे हिरवळीवर पडलेल्या डेव्हिस यांच्यापर्यंतची, कोणी वाचत नाही.

राज्याराज्यांतले वारे तर दोन्ही दिशांनी वाहिले. टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून १ ऑगस्ट १९६६ रोजी एका माणसाने गोळ्या झाडून अनेकांचे प्राण घेतले. त्याच टेक्सासमध्ये परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत लपवलेले पिस्तूल नेऊ देणारा कायदा बरोबर पन्नास वर्षांनी, १ ऑगस्ट २०१६ ला, अमलात आला. व्हर्जिनियात ‘व्हर्जिनिया टेक’ या दुसऱ्या विद्यापीठाची शस्त्रबंदी मोडू पाहणारे विधेयक २००६ साली समितीतच बारगळले. १६ एप्रिल २००७ रोजी तिथल्याच एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार मारले. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. बंदी होती म्हणून बळी निःशस्त्र सापडले, असे एक बाजू म्हणाली. बंदूक इतकी सहज विकत मिळाली म्हणून ते मेले, असे दुसरी. आम्ही दुसऱ्या बाजूचे. मात्र नियमाचा कागद भिंतीवर लावला की काम झाले, असे मानणाऱ्यांशीही आमचे जमत नाही.

कारण जेफर्सन यांच्या स्वतःच्या विद्यापीठात १३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री काय झाले ते पाहावे. वॉशिंग्टनला नाटक पाहून विद्यार्थ्यांची बस परतली आणि त्यांच्यातल्याच एकाने तीन सहाध्यायांना गोळ्या घालून मारले, दोघांना जखमी केले. त्याच्याकडे बंदूक असल्याचे बोलले जाते, ही खबर विद्यापीठाला सप्टेंबरातच लागली होती. चौकशी सुरू झाली, त्याने दाद दिली नाही. तेव्हा प्रकरण विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या न्यायमंडळाकडे पाठवायचे ठरले. गोळीबारानंतर विद्यापीठाने सांगितले की, ते कागद त्या मंडळाकडे बहुधा पोचलेलेच नव्हते. २०२४ साली विद्यापीठाने मृतांच्या कुटुंबीयांना आणि जखमींना मिळून ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.