न सरकलेल्या दशांशचिन्हाची कुळकथा

पालकात लोह भरपूर असते, हे ऐकतच आपण मोठे झालो. त्याला छेद देणारी दुसरी गोष्टही आता तितकीच प्रचलित आहे. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या तक्त्यात दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकले, पालकातले लोह कागदावर दहापट झाले, त्या आकड्यावर विसंबून पॉपाय या चित्रमालिकेतल्या खलाशाच्या हाती पालकाचा डबा आला आणि साऱ्या जगातल्या आया मुलांच्या मागे पालक घेऊन लागल्या. प्रश्नमंजूषेत, व्यासपीठावरच्या भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपवर ही गोष्ट हमखास भेटते. ‘एक टिंब चुकले की काय होते बघा’ असे सांगायला तिच्याहून सोयीचे उदाहरण नाही.

त्या टिंबाचा मात्र कुठेच पत्ता लागत नाही.

गोष्ट जगभर पसरली ती १९८१ च्या डिसेंबरात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात टेरेन्स हॅम्ब्लिन या रक्तविकारतज्ज्ञाने विज्ञानातल्या बनावट आणि चुकीच्या दाव्यांवर लेख लिहिला. त्यात पालकावर मोजून काही वाक्ये होती. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा मूळ संशोधकांनी दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिल्याचे दिसले, असे त्यांनी लिहिले होते. या विधानाला संदर्भ जोडलेला नव्हता. पण नियतकालिक मातब्बर, लेखक रक्ताचा जाणकार आणि विषय लोहाचा. पुढच्या लेखकांना तेवढे पुरले.

हॅम्ब्लिन यांच्या आधीही एक दुवा सापडतो. लंडनचे पोषणशास्त्राचे प्राध्यापक आर्नल्ड बेंडर यांनी १९७७ साली ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाला पत्र लिहिले होते. एमिल फोन वोल्फ या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७० मध्ये पालकातले लोह फार जास्त दाखवले, ते आकडे एका पाठ्यपुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेले आणि १९३७ मध्ये शुपान नावाच्या प्राध्यापकांनी फेरतपासणी केली तेव्हा लोह एकदशांशच भरले, असे बेंडर सांगतात. मग ते लिहितात की पालकाची कीर्ती एका चुकलेल्या दशांशचिन्हावर उभी असावी असे दिसते. त्यांनी व्यक्त केला होता तो तर्क. दहापट फरक दिसला की दशांशचिन्हाची आठवण होणे साहजिकच आहे. चार वर्षांनी हॅम्ब्लिन यांच्या लेखात त्या तर्काच्या जागी घडलेली घटना आली. या कुळकथेतला कळीचा क्षण मला हाच वाटतो, कारण ‘असावी’चे ‘होती’ झाले की वाचणाऱ्याच्या मनात शंकेला जागाच उरत नाही.

पुढची तीसेक वर्षे कोणी मुळाशी गेले नाही. मग नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातले गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी हे काम हाती घेतले आणि २०१० मध्ये त्यावर लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जुने तक्ते उलगडले, जुनी नियतकालिके चाळली, पण सरकलेले दशांशचिन्ह त्यांना कुठेही आढळले नाही. त्यांनी थेट हॅम्ब्लिन यांनाच विचारले. ही माहिती कुठून घेतली ते आता आठवत नाही, असे हॅम्ब्लिन यांनी सरळ सांगून टाकले. त्या सरळपणाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

मग जुने आकडे फुगले कसे? एक कारण त्या काळच्या तपासणीच्या पद्धतीत आहे. पानाला चिकटलेली माती, प्रयोगशाळेतली भांडी आणि रसायने यांतले लोह नमुन्यात सहज मिसळत असे. दुसरे कारण कोणालाही घरी ताडून पाहता येईल. बाझेलचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ गुस्ताव फोन बुंगे यांनी १८९० च्या दशकात पालकातले लोह मोजले ते १०० ग्रॅममागे सुमारे ३५ मिलिग्रॅम भरले. हा आकडा वाळवलेल्या पालकाचा होता आणि तो बरोबरच होता. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. पाणी धरून हिशेब केला की ३५ चे जेमतेम सव्वातीन होतात. आजच्या तक्त्यांत ताज्या पालकाचा आकडा २.७ च्या आसपास आहे. म्हणजे वाळल्या पालकाचा आकडा ताज्याच्या नावावर लिहिला की दशांशचिन्हाला हातही न लावता दहापट फरक पडतो.

गोष्टीतला पॉपायही तपासायला हवा. एल्झी सिगार यांनी ‘थिंबल थिएटर’ या चित्रमालिकेत हा खलाशी १९२९ च्या जानेवारीत आणला. तेव्हा त्याच्या अंगी बळ यायचे ते एका जादूच्या कोंबडीच्या डोक्यावर हात घासून. पालक नंतर आला. सटन यांनी सिगार यांच्या जुन्या चित्रपट्ट्या काढून पाहिल्या, तर १९३२ च्या एका पट्टीत पॉपाय स्वतःच पालक खाण्याचे कारण सांगतो. ते कारण लोह नसून ‘अ’ जीवनसत्त्व आहे. पालकात बीटा-कॅरोटिन मुबलक असते आणि शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, तेव्हा पॉपायचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने १९३७ मध्ये त्याचा पुतळा उभारला. तो पुतळा एखाद्या टिंबाच्या चुकीमुळे उभा राहिला, असे म्हणायला कसलाच आधार नाही.

यानंतर बर्गनचे मानवशास्त्रज्ञ ओले ब्यर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’मध्ये या गोष्टीचा पाठलाग केला. अभ्यासकांनी ती एकमेकांच्या लेखांतून उचलली होती, आणि कित्येकांनी हॅम्ब्लिन यांचे नाव तळटीपेत देताना त्यांचा लेख उघडलाही नसावा असे दिसत होते. त्यातही मला बोचते ते हे की, मूळ आकडे न तपासता उतरवू नका असा इशारा देणाऱ्यांनीच ही गोष्ट न तपासता उतरवली. चूक उघड करणारी माहिती समोर आली की आपला पहारा ढिला पडतो, आपण शहाण्यांच्या बाजूला आहोत असे वाटते, आणि दुसरी चूक त्याच वाटेने आत येते.

हा वाद आपल्याकडे केवळ करमणुकीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि ‘पालक खा, रक्त वाढेल’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम पालकातून त्यातले तीनही मिळत नाही. जे मिळते त्यातलेही थोडेच अंगी लागते, कारण वनस्पतीतले लोह मुळातच कमी शोषले जाते आणि पालकातले पॉलिफिनॉल ते शोषण आणखी घटवतात. लिंबू पिळले तर शोषण वाढते, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते.

पालकाची ताकातली भाजी आवडीने करावी आणि खावी, ती फोलेट आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठी उत्तम आहे. पण घरातल्या मुलीचे किंवा सुनेचे हिमोग्लोबिन कमी निघाले, तर पालकाच्या जुडीवर भिस्त ठेवू नका. तिला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती नेमाने घेते आहे ना, ते पाहा.