समुद्र आणि हवामान बदल वर्गात शिकवायचा, तर साहित्य कुठे मिळतं?

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. बालभारतीच्या भूगोलात सातवीला भरती-ओहोटी येते, आठवीला सागरतळरचना आणि सागरी प्रवाह, नववीला सागरजलाचे गुणधर्म. म्हणजे समुद्र अभ्यासक्रमात अजिबात नाही, असं नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. समुद्र तापतोय म्हणजे नक्की काय होतंय, त्याचा पावसाशी आणि चक्रीवादळांशी काय संबंध, असं एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं की पुस्तकातली पानं संपतात आणि शिक्षक इंटरनेटकडे वळतात.

तिथे साहित्याची टंचाई नाही, उलट ढीग आहे. पण तो बहुतांश इंग्रजीत आहे आणि अमेरिका-युरोपातल्या शाळांसमोर ठेवून केलेला आहे. त्यात ध्रुवीय अस्वलं भेटतात, चार ऋतू भेटतात, मेक्सिकोचं आखात भेटतं. मान्सून मात्र क्वचितच. त्यामुळे मराठी शाळेतल्या शिक्षकासमोरचा खरा प्रश्न 'साहित्य मिळेल का' हा नाहीच. त्यातलं काय उचलायचं, काय बदलायचं आणि काय इथलंच शोधायचं, हा आहे.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत हा विषय शिकवताना पहिला अडथळा 'हवामान' याच शब्दाचा येतो. भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' म्हणजे आजची, या घडीची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. इंग्रजीतले वेदर आणि क्लायमेट. पण रोजच्या बातम्यांत 'उद्याचा हवामान अंदाज' असतो, तो वेदरचा असतो. भारतीय हवामान विभागाचं नावही तसंच. मग 'काल थंडी पडली, मग हवामान बदल कुठे गेला?' असा प्रश्न वर्गात आला, तर चूक मुलांची नसते. एकच शब्द दोन कामं करत असतो.

म्हणून कोणताही व्हिडिओ दाखवण्याआधी फळ्यावर हे दोन शब्द वेगळे करून घेणं फायद्याचं. पारिभाषिक शब्दांसाठी मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन मोफत पाहता येतात. भाषांतराच्या ॲपवर सगळा भार टाकला, तर सागरी 'करंट'चा विद्युत प्रवाह आणि 'कार्बन सिंक'चं मोरीतलं सिंक व्हायला वेळ लागत नाही.

मोठी भांडारं कोणती?

शिक्षकांसाठी सगळ्यात नीट बांधलेलं साहित्य शोधायचं, तर पॅरिसच्या 'ऑफिस फॉर क्लायमेट एज्युकेशन' या संस्थेपासून सुरुवात करता येते. २०१८ मध्ये सुरू झालेली ही संस्था आयपीसीसीचे अहवाल शाळेच्या पातळीवर आणते. आयपीसीसीने २०१९ मध्ये महासागर आणि बर्फाच्छादित प्रदेशांवर विशेष अहवाल दिला होता. त्यावर आधारलेलं 'द क्लायमेट इन अवर हँड्स' हे शिक्षक-हस्तपुस्तक साधारण ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि मोफत उतरवून घेता येतं. प्रत्येक पाठात प्रयोग आणि शिक्षकासाठी पार्श्वभूमी दिलेली असल्याने ते थेट वर्गात नेता येतं.

युनेस्कोने २०१७ मध्ये 'ओशन लिटरसी फॉर ऑल' हा संच काढला. अमेरिकेत आधी तयार झालेली सात मूलतत्त्वं त्याच्या मुळाशी आहेत. पृथ्वीवर वेगवेगळे नाही, तर एकच मोठा महासागर आहे, हे त्यातलं पहिलं. हवा आणि हवामानावर महासागराचा मोठा प्रभाव असतो, हे तिसरं. पाठांपेक्षा चौकट म्हणून हा संच जास्त उपयोगी पडतो.

अमेरिकेच्या नासा आणि नोआ या सरकारी संस्थांकडे नकाशे, चलचित्रं आणि आकडेवारी भरपूर आहे. नोआची 'डेटा इन द क्लासरूम' ही मालिका एल निनो, समुद्रपातळी, प्रवाळांचं विरंजन यांची खरी आकडेवारी मुलांच्या हातात देते. 'क्लीन' या नावाचा आणखी एक संग्रह आहे. त्यातला प्रत्येक पाठ शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी तपासून मगच घेतलेला असतो. यूट्यूबवरच्या गर्दीत हात घालण्यापेक्षा अशा तपासलेल्या शेकडो पाठांतून निवडणं केव्हाही बरं.

भाषांतराची परवानगी हा मुद्दा अनेकदा राहून जातो. अमेरिकी सरकारी संस्थांनी स्वतः तयार केलेलं बहुतेक साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त असतं, मात्र त्यात वापरलेली बाहेरची छायाचित्रं तशी असतीलच असं नाही. युनेस्कोचा संच खुल्या परवान्याखाली आहे. श्रेय देऊन, त्याच अटींवर मराठीत आणता येतो.

दुवा जपू नका, प्रत जपा

आवडलेल्या पानाचा दुवा वहीत लिहून ठेवणं पुरेसं नाही, हे २०२५ मध्ये दिसलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेतलं 'क्लायमेट डॉट गव्ह' हे लोकप्रिय संकेतस्थळ चालवणाऱ्यांचं काम थांबवण्यात आलं आणि वाचकांना नोआच्या दुसऱ्या पानाकडे वळवलं जाऊ लागलं. त्या महिन्याच्या अखेरीस अमेरिकेचे राष्ट्रीय हवामान मूल्यांकन अहवाल जिथे ठेवलेले होते, ते संकेतस्थळही बंद झालं. जगभरचे शिक्षक वर्षानुवर्षं वापरत असलेली पानं सरकारी धोरण बदलताच जागची हलली. पीडीएफ आणि नकाशे शाळेच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून, सोबत तारीख आणि मूळ संस्थेचं नाव लिहून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. जिथे नेटवर्कचाच भरवसा नसतो, अशा शाळांना तो एरवीही लागतोच.

आपल्या समुद्राची आकडेवारी

अरबी समुद्र इतर समुद्रांसारखा वागत नाही. त्याच्या उत्तरेला जमीन आहे आणि वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, त्यांच्यासोबत प्रवाहही. अटलांटिकच्या नकाशावर हे कळत नाही. इथे भारतीय संस्था कामाला येतात.

भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला भारतीय प्रदेशातल्या हवामान बदलाचा अहवाल कुणालाही मोफत वाचता येतो. त्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. त्यानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढलं. उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने वाढत होती. १९९३ ते २०१७ या काळात तो वेग ३.३ मिलिमीटर झाला. एवढ्या आकड्यांवर नववीचा एक तास सहज उभा राहतो.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज, उंच लाटांचे इशारे आणि मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याच्या सूचना देते. या मासेमारीच्या सूचना मराठीतही निघतात. उपग्रहाने टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग यांवरून त्या काढल्या जातात. ज्या मुलांच्या घरी होडी आहे, त्यांना हे विज्ञान परकं वाटण्याचं कारणच नाही. आर्गो या जागतिक मोहिमेतही इन्कॉइस सहभागी आहे. सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगक जगभरच्या महासागरांत सोडलेले आहेत. ते साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात. ही आकडेवारी सर्वांना खुली आहे.

आणि एक खजिना तर मुंबईतच आहे. अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. ब्रिटनमधल्या लिव्हरपूल इथल्या समुद्रपातळी नोंदसंग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांची वार्षिक सरासरी मिलिमीटरमध्ये मिळते. साध्या आलेख कागदावर मुलं ती मांडू शकतात. मधली काही वर्षं रिकामी दिसतील, ती तशीच ठेवावीत. गंमत पुढे आहे. दहा-पंधरा वर्षांचाच तुकडा कापून घेतला तर रेषा वर-खाली होते, काही निष्कर्ष निघत नाही. सगळी वर्षं मांडली की कल दिसतो. हवा आणि हवामान यांतला फरक इतका स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसणं कठीण.

वर्गात प्रोजेक्टर असेल तर 'अर्थ नलस्कूल' हे संकेतस्थळ उघडावं. जगभरचे वारे आणि सागरी प्रवाह त्यावर हलताना दिसतात, मागची तारीखही निवडता येते. ३ जून २०२० ही तारीख टाकली की अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेलं निसर्ग चक्रीवादळ समोर येतं. रायगड-रत्नागिरीतल्या मुलांकडे त्या दिवसाबद्दल स्वतःचं सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

प्रयोग सोपे, पण अर्धवट नकोत

बर्फाचा प्रयोग सगळीकडे सापडतो. एका पेल्यात पाण्यावर तरंगणारा बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर ठेवलेला बर्फ. दोन्हींवर पातळीची खूण करायची. वितळल्यावर पहिल्यातली पातळी जवळपास तेवढीच राहते, दुसऱ्यातली वाढते. समुद्रावर तरंगणारा बर्फ आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक इथे कळतो.

पण बहुतेक ठिकाणी धडा इथेच संपतो आणि समुद्र फक्त बर्फामुळे वाढतो, असा समज पक्का होतो. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळातली सुमारे निम्मी वाढ पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे झाली. त्यासाठी काठोकाठ भरलेली रंगीत पाण्याची बाटली, बुचातून घट्ट बसवलेली स्ट्रॉ आणि गरम पाण्याचं भांडं पुरतं. स्ट्रॉमधलं पाणी वर चढताना दिसतं. वाढलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषली आहे, हे वाक्य त्यानंतर सांगितलं तर पोचतं.

अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये विरघळवण्याचा प्रयोग आणखी जपून करावा. तो दिसतो छान, पण व्हिनेगरचा सामू ३ च्या आसपास असतो आणि समुद्राच्या पृष्ठभागाचा सुमारे ८.१. समुद्राचं पाणी आम्ल झालेलं नाही, ते पूर्वीपेक्षा कमी आम्लारीधर्मी झालं आहे. औद्योगिक क्रांतीआधी हा सामू ८.२ च्या जवळ होता. ०.१ चा फरक किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात तो हायड्रोजन आयनांत सुमारे २५ टक्के वाढ दाखवतो. त्यापेक्षा जांभळ्या कोबीचं पाणी घेऊन त्यात स्ट्रॉने फुंकर मारायला लावणं बरं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने रंग हळूहळू बदलतो, आणि समुद्रात घडतं ते याच्या जवळचं आहे. फक्त मुलांना ओढायला नाही, फुंकायलाच सांगायचं.

अशा कमी खर्चाच्या प्रयोगांसाठी पुण्याच्या अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ मराठी शिक्षकांच्या ओळखीचं आहे. तिथे मराठी पुस्तकंही मोफत मिळतात.

पंचांग आणि किनारा

काही साहित्य मात्र शोधावं लागत नाही. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेच या हिशोबात बसवलेलं आहे. मुलांनी महिनाभर हा हिशोब आणि छापील वेळापत्रक शेजारी शेजारी लिहिलं, तर रीत कुठे जुळते, कुठे चुकते आणि गावागणिक फरक का पडतो, हे त्यांचं त्यांना सापडतं. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. अशा दिवशी जोराचा पाऊस आला तर पाणी समुद्रात का जात नाही, हा पातळी वाढण्याच्या धड्याचाच पुढचा भाग.

किनाऱ्यावर नेणं म्हणजे कचरा वेचणं, असं समीकरण शाळांत रूढ झालं आहे. प्लास्टिकचा प्रश्न गंभीर आहेच, पण तो आणि तापणारा समुद्र हे दोन वेगळे विषय आहेत आणि मुलांच्या मनात ते एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांतले जीव पाहायला नेता येतं. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून अशा फेऱ्या काढतो. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. गावातल्या शाळेला सोबत यायला एखादा अनुभवी मच्छीमार मिळाला तरी काम भागतं. ओहोटीची वेळ आधी पाहून, पाणी परत फिरायच्या आत निघता येईल असं जावं, आणि पावसाळ्याचे महिने टाळावेत.