सांध्यांच्या दुखण्यातला म्होरक्या

"वात आहे, तेल चोळा" म्हणत आपल्याकडे आमवात वर्षानुवर्षं अंगावर काढतात. बातम्यांसाठी फिरताना ऐन तिशीतल्या बायकांची वाकडी झालेली बोटं बघतो, म्हणून हा इतिहास सांगतोय.

या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. सुजलेल्या सांध्यात एक नाही, अनेक प्रथिनं आग लावत असतात. मग एकालाच अडवून काय होणार? अशी तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांना शंका होती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशींवर प्रयोग केला. 'टीएनएफ' हे एकच प्रथिन अडवलं, तर 'आयएल-१' हे दुसरंही घटलं! हे १९८९ साली प्रसिद्ध झालं. म्होरक्या सापडला होता.

१९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात २० रुग्णांना टीएनएफ अडवणारं औषध दिलं. सूज, वेदना झपाट्याने उतरल्या. पण औषध थांबलं की दुखणं परतायचं.

२०१४ मध्ये अशाच एका औषधाची, अडालिमुमॅबची, स्वस्त भारतीय आवृत्ती आली. तरी हातावर पोट असणाऱ्याला ती महागच. शिवाय टीएनएफ टीबीलाही दाबून ठेवतं, म्हणून आधी टीबीची तपासणी हवीच.

मात्र सगळ्यांना हे महागडं इंजेक्शन लागत नाही. वेळेत गेलात तर मेथोट्रेक्सेटच्या स्वस्त गोळीवरही अनेकांचं भागतं. सकाळी तासभर बोटं आखडतात? सांधे सुजतात? मग डॉक्टर गाठा. एकदा झिजलेला सांधा परत मिळत नाही.