शरणागताचें अभय व न्यायासन

कौलनामे व अभयपत्रें जमविणारांच्या दप्तरांत दिलेल्या अभयाचे कागद सांपडतात. नाकारलेल्या अभयाविरुद्ध दाद कोठें मागावी, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो. कारण अभय ही धन्याची मर्जी होती, शरणागताचा हक्क नव्हे. या भेदाचें महत्त्व दोन प्रकरणें शेजारीं ठेविल्यानें स्पष्ट होतें.

पहिलें आमच्या प्रांतांतील. वैनगंगेच्या खोऱ्यांतील लाखांदूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्यें इंग्रजांनीं मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांस कैद केलें. प्रयागकडे नेत असतां मे महिन्यांत ते निसटले. त्यांच्या पक्षानें भंडारा प्रांतांत कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील उठला. त्याचाहि त्याच वर्षीं मोड झाला. आप्पासाहेबांवर परसोजी भोसल्यांच्या खुनाचा आरोप होता. त्याचा निर्णय न्यायासनानें नव्हे, राजकीय हुकुमानेंच झाला. महादेवाचे डोंगर, अशीरगड, पंजाब असे फिरत ते जोधपुरास गेले. इंग्रजांनीं मागणी केली असतां महाराजा मानसिंगांनीं शरणागत हवालीं करण्याचें नाकारलें. आप्पासाहेब १८४० मध्यें तेथेंच निवर्तले.

दुसरें प्रकरण विनायक दामोदर सावरकर यांचें. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेय बंदरांत ‘मोरिया’ बोटींतून उडी टाकून ते फ्रेंच भूमीवर पोंचले. परंतु फ्रेंच शिपायानें त्यांस धरून इंग्रजांच्या स्वाधीन केलें. फ्रान्सनें तक्रार केल्यावरून हेग येथील पंचांपुढें वाद गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यांत, धरपकडींत अनियमितपणा झाला हें मान्य करूनहि कैद्यास परत देण्याचें बंधन इंग्लंडावर नाहीं, असें ठरलें. तत्पूर्वींच मुंबईच्या विशेष न्यायमंडळानें त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली होती.

पहिल्या प्रकरणीं न्यायासन नव्हतें, तरी मनुष्य वांचला. दुसऱ्यांत न्यायासन होतें, तरी मनुष्य सुटला नाहीं. याचें कारण उघड आहे. हेगच्या वादांत पक्षकार दोन राज्यें होतीं. ज्याच्या देहाचा प्रश्न, तो पक्षकारच नव्हता. मानसिंगाचें अभय थोर खरें, पण त्याच्या जागीं दुसरा राजा असता तर शरणागतास दाद कोठें होती?

आज राज्यघटनेचें एकविसावें कलम परक्यासहि लागू आहे व २२६ व्या कलमान्वयें तो स्वतः उच्च न्यायालयापुढें उभा राहूं शकतो. १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अरुणाचलांतील चकमांच्या जीविताचें रक्षण करण्याचा आदेश दिला. उलट २०२१ च्या अंतरिम हुकुमांत, विहित रीतीनें रोहिंग्यांची परत पाठवणी करण्यास त्यानें मोकळीक ठेविली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर हिंदुस्थाननें १९९७ मध्यें सही केली, पण त्यास अंतिम मान्यता दिलेली नाहीं. लाखांदूरच्या शेजारच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यांत तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. म्हणून हा विषय केवळ जुन्या कागदांचा नव्हे.

तेव्हां संग्राहकांनीं अभयपत्र वाचतांना देणाऱ्याच्या शिक्क्याइतकेंच, मागणाऱ्याचें म्हणणें त्यांत कोठें नोंदलें आहे काय, हेंहि पाहावें, अशी आमची विनंती आहे.