वटली तरच हुंडी

माझ्या पहिल्या छापील कवितेचं मानधन मनीऑर्डरनं आलं होतं. पोस्टमननं दारात उभं राहून सही घेतली आणि नोटा मोजून हातावर ठेवल्या. आपल्या टपाल खात्यानं ही सेवा १८८० मध्ये सुरू केली. त्याच्या कितीतरी आधीपासून व्यापाऱ्यांची हुंडी चालत होती. पुण्यात सावकाराकडे रक्कम भरायची आणि काशीला त्याच्या आडत्याकडे हुंडी दाखवायची. आडत्यानं पैसे दिले की हुंडी वटली. नाही दिले तर नुसता कागद. म्हणून शहाणा माणूस आधी सावकाराची पत पाही.

इंटरनेटवर छोटं दुकान मांडणाऱ्याला मात्र ही चौकशी करायला सवड मिळाली नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एका कंपनीतून 'पेपाल' ही सेवा उभी राहिली. ईमेलच्या पत्त्यावर पैसे पोचू लागले. परदेशी धनादेश वटायची आठवडे आठवडे वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या भाषांतरकारांना, संकेतस्थळं बांधणाऱ्या तरुणांना हे वरदानच वाटलं. अनेकांनी दुसरी वाटच ठेवली नाही.

आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ती वाट एकाएकी अडली. पेपालच्या खात्यातले डॉलर भारतातल्या बँकेत काढून घेणं थांबलं. काम पुरं केलेलं, गिऱ्हाईक खूश, खात्यात आकडाही दिसतोय. पण घरभाडं द्यायला हातात रुपया नाही! मार्चमध्ये वाट पुन्हा खुली झाली, ती पैसे कशाचे हे सांगण्याच्या अटीवर. नोव्हेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा सेवांसाठी नियम घातले. एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा आली. पेपालनं इथल्या ग्राहकांना कळवलं, की मार्च २०११ पासून जमा रक्कम ७ दिवसांत बँकेत न्यायची, तिच्यातून परस्पर खरेदी करायची नाही. पुढं ही मर्यादा ऑक्टोबर २०११ मध्ये ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० डॉलर झाली.

रिझर्व्ह बँकेला दोष देणं सोपं आहे. पण परकीय चलन कुठून, कशासाठी येतं यावर नजर ठेवणं तिचं कामच. शिवाय पैसे मध्यस्थाकडे पडून राहू नयेत, हे तुमच्या-आमच्याच हिताचं. सांगायचं ते इतकंच, की मध्यस्थाच्या तिजोरीची एक किल्ली आणखी कुणाच्या तरी हाती असते.

देशातही तेच दिसलं. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्या आधारावर चालणारं 'फोनपे' बंद पडलं. बँक एकाची, अडचण गल्लीतल्या वाण्याची. १ एप्रिल २०२१ पासून पेपालनं भारतांतर्गत व्यवहार बंद केले. हा निर्णय कंपनीचा स्वतःचा होता. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घ्यायला मनाई केली, तेव्हा दुकानादुकानांतून चौकशा सुरू झाल्या.

म्हणून लोणची विकणाऱ्या ताईंना आणि घरबसल्या चित्रं काढून देणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच : पैसे घ्यायच्या दोन वाटा ठेवा. मध्यस्थाकडे रक्कम साठू देऊ नका. महिनाभराचा खर्च बाजूला असू द्या. गिऱ्हाइकांचे पत्ते आपल्या वहीत लिहून ठेवा. पडद्यावरचा आकडा ही हुंडीच आहे; पैसे हातात पडले, की मगच ती वटली म्हणायची.